ओळ सरत आली की वाजणारी घंटी

हरभऱ्याचं ढाळं बाजारात आलं की माझं कामातलं लक्ष उडतं. पुण्यात आमच्या ऑफिसखालच्या हातगाडीवर हिरव्या जुड्या दिसल्या की मी दोन घेते, लॅपटॉपशेजारी ठेवते आणि एका हातानं घाटे सोलत दुसऱ्या हातानं टाईप करते. घाट्यावर आंब असते. आंबट, खारट, बोटाला चिकटून बसणारी. ती बोटावरून कळांवर उतरते आणि दुसऱ्या दिवशी एंटरची कळ दाबली की किंचित वर यायला कुरकुरते. शेजारची मैत्रीण म्हणते, "शी, अश्विनी! कीबोर्ड पूस गं जरा." पुसते की. पण लगेच नाही पुसत. आधी ते बोट जिभेला लावून बघते आणि क्षणात उमरग्याला मामांच्या गच्चीवर जाऊन बसते.

एका हिवाळ्यात आमच्या कंपनीनं घरून काम करायला सांगितलं होतं. घर म्हणजे माझ्यासाठी मामांचंच घर, कारण मी वाढले तिथंच. गच्चीवर सकाळचं ऊन यायचं. एका बाजूला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर, दुसऱ्या बाजूला तुरीची रास चाललेली, मळणीयंत्राचा भुसा उडत उडत पार आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. खाली कुणीतरी तुऱ्हाट्या पेटवून त्यात हरभरा भाजायचं. त्या हावळ्याचा वास जिन्यानं वर चढायचा आणि माझी मीटिंग चालू असली तरी मी कॅमेरा बंद करून खाली धावायची. तोंड काळं करून परत यायची. साहेबांना वाटायचं, नेटवर्क गेलं.

मामांची ओळख करून द्यायला हवी. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली त्यांचं टेबल. टेबलावर मराठी टायपरायटर, समोर लोकांना बसायला बाकडं, आणि दिवसभर अर्ज. वारसनोंदीचे, रेशनकार्डाचे, बांध कोरल्याचे, रस्ता अडवल्याचे. तरुणपणी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि त्या झाडाखाली जे बसले ते बसलेच. कॉम्प्युटरवाले आले, झेरॉक्सवाले आले, मामांचं बाकडं काही रिकामं झालं नाही, कारण लोकांना मामांच्या शिव्या आवडायच्या. "रडगाणं नंतर गा, आधी गट नंबर सांग!" असं ते ओरडायचे, तेव्हा रस्त्याच्या पलीकडचा चहावालासुद्धा दचकून आपला गट नंबर आठवायचा. समोरचा माणूसही काही ऐकून घ्यायचा नाही. तोही ओरडायचा. असं भांडत भांडत अर्ज पुरा व्हायचा आणि दोघं मिळून चहा प्यायचे.

मग काचबिंदूनं मामांची नजर नेली. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर टेबल साखळीनं लिंबाला बांधून ते घरी आले आणि गप झाले. मला त्यांच्या न दिसण्यापेक्षा त्या गप होण्याचंच जास्त भ्या वाटायचं. लोक भेटायला यायचे, आवाज खाली आणून बोलायचे, "आता आराम करा मामा, लई केलं आयुष्यभर." मामा म्हणायचे, "व्हय." एवढंच! ज्या माणसानं जन्मात कुणाला एका शब्दात उत्तर दिलं नाही, तो म्हणतोय "व्हय". मामी आत जाऊन डोळ्याला पदर लावायची.

एक दिवस मीच चिडून विचारलं, "मामा, असं किती दिवस भिंतीला टेकून बसणार आहात?"

"संक्रांतीपस्तोर," मामा म्हणाले. "तवर जमलं तर टेबलावर बसतो. न्हाय जमलं तर टेबल आणा घरला. कोंबड्या बसतील त्यावर."

घरच्यांनी त्यांना बोलणारा मोबाईल दिला होता. तो त्यांनी दोन दिवसांत परत केला. "ह्या काचेला ना खाच, ना खुंटी. बोटानं चाचपायचं काय, कपाळ?" मला ते पटलं. मग मी माझा जुना कॉम्प्युटर काढला, त्याला साधा जाड कळांचा कीबोर्ड लावला. जुन्या टायपिंगची कळांची मांडणी कॉम्प्युटरवरही मिळते, ती बसवली. मामांनी कीबोर्डवर हात ठेवले, दोन कळांवरचे बारीक उंचवटे तर्जनींना सापडले आणि बोटं जी सुटली ती सुटलीच. न बघता टाईप करायला तर ते तरुणपणीच शिकले होते.

बोलून दाखवणारा एक प्रोग्रामही फुकट मिळतो. टाईप केलेलं तो मराठीत वाचतो, पण पार नाकातून. मामांनी त्याचं नाव ठेवलं सर्दीबुवा. अडचण अशी होती की रंगीत खिडक्या-चित्रांच्या पडद्यावर हा सर्दीबुवा वेड्यासारखा बडबडायचा. हे बटण, ती यादी, वरची पट्टी, खालची पट्टी. मामा बेजार. "ह्याला म्हणावं, माझं काम काय हाय तेवढंच बोल!"

आणि तिथं मला माझा जुना लाडका काळा पडदा आठवला. त्याला कमांड लाईन म्हणतात. चित्रं नाहीत, माऊस नाही. एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, मशीन ती ओळ घेतं आणि पुढच्या ओळीची वाट बघतं. मी मामांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एकेक ओळ टाईप करा, एंटर मारा, अर्ज तयार होत जाईल, शेवटी 'छाप' लिहिलं की प्रिंटर चालू. मामा खूश. "येक वळ, येक काम. आपल्या टायपरायटरसारखंच हाय की गं!"

पण नुसत्या काळ्या पडद्यावर चुकलेलं दुरुस्त करणं म्हणजे शिक्षा असते. डावा बाण दाबला तर मागं जायच्या ऐवजी पडद्यावर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी चिन्हं येतात. ओळीत मागं-पुढं फिरणं, एखादा शब्द खोडणं, मघाची ओळ परत बोलावणं, ही सगळी कामं करणारी एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार केलेला कामाचा संच. मी जी घेतली ती मुक्त होती. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, पाहिजे तशी बदलावी, आणि बदल चांगला असेल तर सगळ्यांसाठी परत द्यावा. आमच्याकडं पूर्वी इर्जिक घालायचे. एकाच्या शेतात गावातली सगळी औतं यायची, दिवसभर नांगरायची, मजुरी कुणी मागायचं नाही, फक्त जेवण पोटभर पाहिजे. या लायब्ररीत तसंच कुणी कुणी, कुठल्या कुठल्या देशात बसून, आपलं औत फिरवून गेलं होतं. इथं तर जेवणही नव्हतं.

ती मी गच्चीवर बसून बांधायला, म्हणजे आमच्या मशीनवर चालेल अशी तयार करायला, घेतली. बांधताना पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभर पळतात. मामी वाळवण उलटायला आली होती, ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय करायलीस गं?"

"लायब्ररी बांधायलेय, मामी."

"बांधायलीस? आन् इटा कुठंयत?"

मामा खाली बसून होते, तिथूनच हसले. मोठ्यानं हसले. पावसाळ्यापासून पहिल्यांदाच. मी ओळी पळायच्या थांबल्यात का बघायचंही विसरले.

त्यानंतरचे दिवस फार मजेचे होते. मी ऑफिसचं काम उरकलं की मामांच्या शेजारी सतरंजीवर बसायची, मध्ये ढाळ्याची जुडी, चहाचे कप, आणि मी खोटे खोटे अर्ज सांगायची. मामांना सगळ्यात आवडली ती मागं जाऊन नुसती वेलांटी खोडायची सोय. "अक्षर हाय तिथंच राहतंय आन् येकटी वेलांटी जाती? टायपरायटरवर येक वेलांटी चुकली तर सगळा कागद फाडला म्या!" मग मुद्दाम चुकायचे आणि मुद्दाम खोडायचे. सर्दीबुवा प्रत्येक अक्षर नाकातून सांगायचा आणि मामा त्याला, "नाक शिंकर की लेका," म्हणायचे.

आणि मग आम्ही पहिला अर्ज छापला.

मामीला वाचता येतं. तिनं कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिल्या ओळीत नुसतं 'विषय'. दुसऱ्या ओळीत 'शेतरस्ता अडवल्याबाबत'. मग एक ओळ कोरी. आणि त्यापुढची ओळ, 'वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की माझे शेतात जाणारा', ती कागदाच्या कडेपर्यंत पळत गेली आणि पुढचं सगळं कागदाबाहेर.

"आवो, अर्धा रस्ता अडवलाय आन् अर्धा पळून गेलाय," मामी म्हणाली.

"मशीन खुळी हाय तुझी," मामा मला म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामी.

मामांनी कीबोर्ड बाजूला सारला. तेच मला खटकलं. अजून तसेच दोन-तीन अर्ज फसले आणि मामा पुन्हा "व्हय"वर आले. संक्रांत तर जवळ आलेली, बायका सुगडं घेऊन यायला लागल्या होत्या. घोडं कुठं पेंड खातंय तेच मला कळेना. प्रोग्राम उलटापालटा करून बघितला. लायब्ररीच्या रखवालदारांना, म्हणजे ती सांभाळणाऱ्या दूरदेशच्या मंडळींना, लांबलचक पत्र लिहिलं. मग शंका आली की आंब जाऊन एंटरची कळच चिकटतेय. सगळ्या कळा उपसून, पुसून, परत बसवल्या. घरात घाटे खायला बंदी केली. ती पहिली मीच मोडली. आणि ओळी तशाच. कुठं एका शब्दात संपायच्या, कुठं संपायचंच नाव घ्यायच्या नाहीत.

शेवटी कळलं ते चहाच्या कपामुळं. मामी फडकं घेऊन आली आणि करवादली, "ह्यांच्या डाव्या हाताला काय झालंय? सकाळधरनं दुसरा कप सांडला!" मी म्हटलं, सांडला असेल, दिसत नाही. पण मामी म्हणाली, "उगं न्हाय सांडत. हात असा वर जातोय." तिनं करून दाखवलं. डावा हात उचलायचा आणि हवेतच उजवीकडं ढकलायचा.

ती ढकल मी लहानपणापासून बघत आले होते. टायपरायटर वापरलेल्या माणसाला सांगायला नको. ओळ सरत आली की टायपरायटरची घंटी वाजते. ती वाजली की हातातला शब्द पुरा करायचा आणि डाव्या हातानं दांडी ढकलायची, म्हणजे कागद पुढच्या ओळीवर जातो. आता आमच्या लायब्ररीतही घंटी होती, पण तिचा अर्थ निराळा. टॅबची कळ दाबली की ती अर्धा शब्द ओळखून पुरा करू बघते, आणि ओळखू आला नाही तर टिंग करते. मामा जन्मभराच्या सवयीनं 'विषय' लिहून जागा सोडायला टॅब मारायचे. परिच्छेद सुरू करतानाही टॅब. लायब्ररी म्हणायची टिंग, मामांचा डावा हात हवेतली दांडी ढकलायचा, कप सांडायचा, आणि पाठोपाठ उजवा हात एंटर मारायचा. आणि जिथं ओळ खरंच सरत यायची तिथं घंटी वाजायचीच नाही, म्हणून मामा बिचारे तिची वाट बघत टाईप करत कागदाबाहेर निघून जायचे.

"मामा, घंटी वाजली की तुम्ही एंटर मारता?"

"मग? घंटी वाजली की हात जातोयच. म्या न्हाय नेत, त्योच जातोय."

"जित्याची खोड," मामी म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी तो डावा हात धरून त्याचा मुकाच घेतला. मामांना वाटलं पोरगी कामाच्या ताणानं बिघडली.

विकतचा, कुलूपबंद प्रोग्राम असता तर मला एकच करता आलं असतं, ते म्हणजे मामांना म्हणणं, "सवय सोडा." चार दशकं त्या हातानं गावाचे अर्ज लिहिले, आणि त्याला आता म्हणायचं की तू चुकतोस! पण ही लायब्ररी उघडी होती. मी तिच्या पोटात शिरले. टॅब मारला की शब्द न शोधता सरळ जागा सोडायची सोय केली. आणि कुठंही नसलेली एक नवी सोय लिहिली. ओळ ठरलेल्या लांबीशी आली की घंटी. मराठी ओळीची लांबी मोजताना माझ्या डोक्याचं दही झालं, जोडाक्षराला किती जागा धरायची, वेलांटीला धरायची का नाही. मामांनीच तोडगा सांगितला. "चार-पाच अक्षरं अलीकडंच वाजव की. टायपरायटरची तरी कुठं ऐन कडेला वाजती? शब्द पुरा करायला जागा नको व्हय?"

मग मला आणखी एक सुचलं. कपाटावर चादरीत गुंडाळलेला मामांचा जुना टायपरायटर खाली उतरवला, त्याची घंटी बोटानं वाजवून मोबाईलवर तिचा आवाज घेतला आणि तोच बसवला. मामांना सांगितलं नाही. ते टाईप करत होते, मी मुकाट घाटे सोलत होते, आणि ओळ सरत आली तसा तो आवाज आला. मामांची बोटं थांबली. त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे टिपले. मीही रडले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी शब्द पुरा केला, हवेत दांडी ढकलली, एंटर मारला, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "अश्विने! मूग गिळून काय बसलीस? पुढचं सांग!"

मी ती घंटी रखवालदारांकडं पाठवून दिली. त्यातल्या एकानं विचारलं, "आजच्या काळात हे कुणाला लागणार?" मी मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "त्याला लिही, उमरग्यात तहसीलीसमोर येक माणूस अडून बसलाय." मी अगदी तसंच लिहिलं. त्यांनी माझ्याकडून ते काम दोनदा परत लिहून घेतलं, ज्याला नको त्याला घंटी वाजू नये अशी अट घातली, आणि घेतलं. आता ती लायब्ररी जिथं जाईल तिथं आमच्या लिंबाखालची घंटी, न वाजणारी का होईना, सोबत जाते. मला या गोष्टीचा भारी गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

संक्रांत झाली, तोंडात तीळगूळ असतानाच आम्ही टेबलाची साखळी सोडली आणि झेरॉक्सवाल्याकडून वायर ओढून त्यावर कॉम्प्युटर न् प्रिंटर मांडला. मामी सकाळपासून कुरकुरत होती. "लोक हसतील. हसू देत एक वेळ, पण कीव करतील. ह्यांना कीव सोसत न्हाय." आणि झालंही तसंच. पहिले दोन दिवस ओळखीचे लोक आले, खांद्यावर हात ठेवून "च्च च्च" करून गेले. अर्ज मात्र पलीकडच्या कॉम्प्युटरवाल्याकडं टाकले. वाईट हेतूनं नव्हे, मामांना त्रास नको म्हणून. मामांचा आवाज परत खाली जायला लागला. मी बाकड्यावर बसून हातातली जुडी नुसती कुरतडत होते.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. कर्नाटकाच्या सीमेकडच्या कुठल्याशा खेड्यातली, धिप्पाड, उन्हानं तापलेली. तिला मामा माहीत नव्हते. बाकड्यावर बसली आणि सुरूच झाली. विहीर सासऱ्यानं पाडलेली, पाणी तीच उपसतेय, आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नाही. मामांनी मला आधीच दम दिला होता की तोंड उघडायचं नाही. ते मान खाली घालून, एका कानात सर्दीबुवाची नळी खोचून टाईप करत होते. गट नंबर विचारला. घंटी वाजली, दांडी ढकलली, घंटी वाजली, दांडी ढकलली. कागद छापून आला. ओळी सगळ्या एका मापात, कडेला समास सोडून. मामांनी खालच्या कडेवरून चार बोटं मोजली आणि अंगठा टेकवला, "हितं सही करा." बाईनं सही केली, कागद दोनदा वाचला, घडी घातली, उठली, चार पावलं गेली आणि वळून परत आली.

"ओ टायपिस्ट!" ती कडाडली. "घंटाभर झालं समोर बसले. येकदा तरी मान वर करून बघितलं का? बाईमाणूस हाय का धोंडा ठेवलाय हितं? एवढा कसला वं ताठा!"

मी सांगायला उठले, तर मामांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. पावसाळ्यापासून त्यांच्याशी कुणी भांडलं नव्हतं. त्यांनी तिच्या आवाजाकडं तोंड केलं. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. आणि पार रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या आवाजात ते म्हणाले,

"चुकलं आक्का! कामात होतो."